श्रम, मोबदला आणि श्रेय : ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमचा इतिहास (१९७२–२००५)

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या इतिहासात पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (मार्च १९७३) या अल्बमचे स्थान निर्विवाद आहे. आधुनिक जीवनावरील भाष्य म्हणून त्याची चर्चा होते, ती बहुधा रॉजर वॉटर्स यांच्या गीतांच्या आधारे. ही चर्चा अपुरी आहे. हा अल्बम कसा घडला, त्यात कोणाचे श्रम वापरले गेले आणि त्यांचे मोल कसे ठरले, हे प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत.

आशय व काळ :

माणसाला अस्वस्थ करणाऱ्या गोष्टींवर एकसंध रचना करावी, ही कल्पना वॉटर्स यांची. वेळेचा तगादा, पैसा, प्रवासातील भय, मृत्यू आणि मनाचा तोल ढळणे हे त्यातील विषय. शेवटच्या विषयामागे बँडचे आरंभीचे सूत्रधार सिड बॅरेट यांची स्मृती होती. मानसिक अस्वास्थ्यामुळे १९६८ मध्ये ते बँडपासून दूर झाले होते. २० जानेवारी १९७२ रोजी ब्रायटन येथे ही रचना प्रथम सादर झाली व तांत्रिक बिघाडामुळे अर्ध्यावर थांबली. त्याच महिन्यात ब्रिटनमधील बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली आणि कोळसा खाणकामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. या घटनांत थेट कार्यकारणभाव शोधणे उतावीळपणाचे ठरेल. तथापि युद्धोत्तर सुबत्तेविषयीचा विश्वास डळमळीत होत असतानाच हा अल्बम आकारास आला, एवढे निश्चित.

स्टुडिओ : एक कार्यशाळा

लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत जून १९७२ ते १९७३ चा आरंभ या काळात ध्वनिमुद्रण झाले. ‘मनी’ या गीताच्या प्रारंभी नाण्यांचा खणखणाट, कागद फाटण्याचा व गल्ल्याच्या यंत्राचा आवाज सात मात्रांच्या आवर्तनात ऐकू येतो. हे आवाज वेगवेगळे मुद्रित करून ध्वनिफितीचे तुकडे मोजून कापले व जोडले गेले. ‘टाइम’मधील घड्याळे ध्वनिअभियंता ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात, अन्य प्रयोजनासाठी, मुद्रित केली होती. ‘ऑन द रन’मधील धावपळ सिंथेसायझरवर वाजवलेल्या आठ स्वरांची गती वाढवून साधली आहे. यांत्रिक जीवनावरील ही टीका यंत्रांशिवाय संभवलीच नसती. गीतांकडेच पाहणाऱ्या समीक्षकांच्या नजरेतून ही गोष्ट बहुधा सुटते.

बोललेली वाक्ये मिळवण्यासाठी स्टुडिओतील लोकांना पत्त्यांवर लिहिलेले प्रश्न विचारण्यात आले. पॉल मॅकार्टनी यांची उत्तरे वापरली गेली नाहीत. अल्बमच्या अखेरीस ऐकू येतो तो स्टुडिओच्या द्वारपालाचा आवाज.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’ आणि श्रेयाचा प्रश्न :

मृत्यूविषयक या रचनेची पियानोवरील स्वरसंगती रिचर्ड राइट यांची. जानेवारी १९७३ मधील एका रविवारी पार्सन्स यांच्या सूचनेवरून क्लेअर टोरी या २५ वर्षांच्या स्टुडिओ-गायिकेस बोलावण्यात आले. शब्द नव्हते, बांधलेली चालही नव्हती. दोन-तीन प्रयत्नांत टोरी यांनी जे उत्स्फूर्त गायले, त्याचेच संकलन अल्बममध्ये आहे. रविवारचा दुप्पट दर म्हणून त्यांना ३० पौंड मिळाले. रचनेचे श्रेय केवळ राइट यांच्या नावे नोंदले गेले.

हा त्या काळच्या व्यवसायाचा रूढ नियम होता. मेहनताना घेऊन गाणारा कलावंत वादकासारखाच तासांच्या हिशेबाने मोजला जाई. रचना त्याची मानली जात नसे. पण अल्बमचे आर्थिक यश या हिशेबाच्या पलीकडचे ठरले. अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर जेमतेम एक आठवडा होता, परंतु १९८८ पर्यंत यादीत एकूण ७४१ आठवडे राहिला. जगभर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पैशाच्या हव्यासावर बोलणाऱ्या अल्बमने स्वतःच्या उत्पन्नाच्या वाटणीचा प्रश्न तीन दशके अनुत्तरित ठेवला, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

२००४ मध्ये टोरी यांनी पिंक फ्लॉइड व ईएमआय यांच्याविरुद्ध सहरचनेच्या हक्कासाठी दावा दाखल केला. उत्स्फूर्त गायन ही संगीतरचना ठरते काय, हा त्यातील कळीचा मुद्दा. २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. तिच्या अटी प्रसिद्ध झाल्या नाहीत. त्यानंतरच्या आवृत्त्यांवर मात्र या रचनेपुढे राइट यांच्यासह टोरी यांचेही नाव छापले जाते.