बाह्य ग्रहांचे स्थलांतर : एका पुराव्याचा इतिहास

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात उत्तरकालीन जोर्वे वस्तीत प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्याचे आढळले. शेती खालावून लोक पशुपालनाकडे व भटकंतीकडे वळले, असे अनुमान म. के. ढवळीकर यांनी त्यावरून काढले. ते स्थित्यंतर घडताना पाहणारा साक्षीदार अर्थातच कोणी नाही. मागे उरलेल्या अवशेषांवरच भिस्त ठेवावी लागते.

सूर्यमालेच्या बाह्य भागाचा इतिहासही अशाच अवशेषांवरून रचला गेला आहे. शिरूर-दौंडच्या माळावरून गुरू व शनी नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पण त्यांच्या कक्षा कधीकाळी वेगळ्या असतील, अशी शंका आकाश पाहून येत नाही. ‘ग्रह’ शब्दाचा धात्वर्थ पकडणे, तर त्याच्या ग्रीक प्रतिशब्दाचा भटक्या. परंतु ग्रीकांना अभिप्रेत भटकंती ताऱ्यांमधून दिसणाऱ्या गतीची होती. येथे स्थलांतर म्हणजे कक्षाच सूर्याजवळ अथवा सूर्यापासून दूर सरकणे.

१९८४ साली फर्नांडेझ व इप यांनी त्याची प्रक्रिया मांडली. विशाल ग्रह लगतच्या असंख्य लहान पिंडांना इतस्ततः भिरकावतात. नेपच्यूनने आत ढकललेले पिंड अखेर गुरूच्या तावडीत सापडतात व गुरू त्यांना सूर्यमालेबाहेर फेकतो. या देवघेवीत गुरू किंचित आत, तर शनी, युरेनस व नेपच्यून बाहेर सरकतात.

हे गणित होते; अवशेष दाखविला तो भारतात जन्मलेल्या रेणू मल्होत्रा यांनी, १९९३ साली. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणांत प्लूटोच्या बरोबर दोन होतात. बाहेर सरकणाऱ्या नेपच्यूनने प्लूटोला या प्रमाणात अडकवून आपल्यापुढे ढकलीत नेले, असे त्यांनी प्रतिपादिले. तसे असेल तर आणखीही पिंड त्याच प्रमाणात अडकलेले असावेत; आणि पुढे ते मोठ्या संख्येने सापडले. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणातील सर्वांत बळकट दुवा हाच होय.

कालनिश्चिती मात्र तितकी टिकली नाही. २००५ साली नीस येथील वेधशाळेशी निगडित संशोधकांनी ग्रहांची ही उलथापालथ सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वीच्या चंद्रावरील आघातांशी जोडली. चांद्रखडकांच्या वयांचा फेरविचार झाल्यावर अनेक अभ्यासक ती बरीच मागे, सूर्यमालेच्या पहिल्या दहा कोटी वर्षांत, नेतात. नेपच्यून सरकला, हे त्यामुळे डळमळत नाही. तो पुरावा चंद्रावर नव्हताच, प्लूटोच्या कक्षेत आहे.