कोतवाल बुकापासून हेगपर्यंत
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशी निघालेला माणूस तिकिटाआधी कागदांच्या मागे लागतो. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पदवीचं प्रमाणपत्र. हे कागद खरे आहेत हे तिकडच्या कचेरीला कसं कळायचं? वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यात आमचं आसेगाव. इथल्या जन्म-मृत्यू निबंधकाची सही रॉटरडॅमच्या कारकुनाने कधी पाहिलेली नसते, आणि पाहण्याचा संभवही नसतो.

प्रश्न जुनाच आहे. १९३९ साली वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून, चौथ्या शतकात दिलेल्या एका गावाच्या दानाचा तो लेख. त्यात राजाने नुसतं दान सांगितलेलं नाही. आपली वंशावळ सांगितली आहे, राज्याचं सदतिसावं वर्ष चाललं आहे हे सांगितलं आहे. म्हणजे काय दिलं याच्या जोडीला कोणी दिलं आणि त्याला देण्याचा अधिकार काय, हेही कागदावर, इथे तांब्यावर, असायलाच हवं.

पुढे देशादेशांत व्यवहार वाढला तेव्हा यावर तोडगा निघाला तो सहीवर सहीचा. गावच्या सहीला वरच्या अधिकाऱ्याने ओळख द्यायची, त्याच्या सहीला राज्य सरकारने, राज्य सरकारच्या सहीला दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाने, आणि शेवटी ज्या देशात जायचं त्याच्या वकिलातीने. कुठली कडी तुटली की पुन्हा पहिल्यापासून. गावाकडच्या माणसाला यात मुंबई आणि दिल्लीच्या किती खेपा पडत असतील याचा हिशेब न केलेलाच बरा.

ही साखळी आखूड करण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी नेदरलँड्समधल्या हेग शहरात एक करार झाला. त्याने ठरवलं की कागद ज्या देशाचा, त्या देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने एक प्रमाणपत्र जोडलं की करारातल्या बाकीच्या देशांनी ते मानायचं. वकिलातीचा शिक्का नको. या प्रमाणपत्राचं नाव अपॉस्टिल. निदान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, त्यात क्रमांक घातलेल्या दहा नोंदी, आणि शीर्षक फ्रेंचमध्येच असलं पाहिजे असा दंडक. भारतात हा करार लागू झाला १४ जुलै २००५ पासून. आपल्याकडे हे काम परराष्ट्र मंत्रालय करतं, पण राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर. म्हणजे साखळी आखूड झाली, संपली नाही. २०१९ पासून त्यासाठी दिल्लीच गाठायला हवी असंही राहिलं नाही. मुंबईसह इतर शहरांतही सोय झाली. सौदी अरेबियात हा करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. कुवेत, अमिरात यांच्यासाठी मात्र अजून वकिलातीची पायरी चढावीच लागते.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण बहुतेकांची समजूत इथेच घोटाळते. हा चौकोन कागदातला मजकूर खरा आहे असं म्हणत नाही. सही कोणाची, त्याने ती कोणत्या पदावरून केली आणि शिक्का कोणाचा, एवढंच तो सांगतो. मजकुराची जबाबदारी ज्याने पहिल्यांदा लिहून घेतलं त्याच्यावर. आमच्या भागात जुन्या पिढीसाठी तो माणूस म्हणजे गावचा कोतवाल.

कोतवाल गावातल्या जन्ममृत्यूची खबर ठेवी. त्याला लिहिता येत नसेल तर पाटील किंवा दुसरा कोणी लिहिणारा नोंद भरून देई. त्या वहीला आम्ही अजून कोतवाल बुक म्हणतो, आणि जातीच्या दाखल्यासाठी तिची नक्कल काढायला लोक तहसीलच्या अभिलेख कक्षापुढे उभे असतात. नोंद बारशाआधीच व्हायची, म्हणून बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी एवढंच असे. पुष्कळ नोंदींत बाळाचं नावच नाही.

त्यातून वऱ्हाडची राजकीय गुंतागुंत. १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ च्या करारात वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला, पण सार्वभौमत्व निजामाचंच. कायद्याच्या काटेकोर भाषेत वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हताच. आसेगावचा माणूस घरी बसून परदेशात होता म्हणा ना! १९०३ मध्ये कारभार नागपूरकडे गेला, १९०५ मध्ये वाशिम जिल्हा मोडून अकोल्यात घातला, १९५० मध्ये आम्ही मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वाशिम जिल्ह्यात. गाव तसूभर हललं नाही. पण एकाच माणसाच्या एका कागदावर जिल्हा अकोला, दुसऱ्यावर वाशिम. तिकडचा अधिकारी विचारतो, जन्म नक्की कुठे झाला?

मी कचेरीत नोकरीला होतो, त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक कागद घेऊन येतात. एका माउलीला परदेशी मुलीकडे कायमचं राहायला जायचं होतं. कोतवाल बुकात नोंद सापडली: अमक्याला मुलगी झाली. नाव नाही. त्या घरात मुली तीन. शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरात नाव होतं, पण जन्मतारीख गुरुजींनी घातलेली १ जुलै. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच. दोन्ही कागद अस्सल, दोन्हींवर खऱ्या सह्या, आणि दोन्हींत जवळजवळ दोन वर्षांचं अंतर. दोन्हींना अपॉस्टिल मिळू शकतं. हेगच्या चौकोनाला यातला कुठला खरा हे ठरवताच येत नाही.

शेवटी गावच्या दोन वृद्धांची प्रतिज्ञापत्रं केली. जन्माच्या वेळी हजर असलेल्या एका आजींनी सांगितलं, ही मधली. ते प्रतिज्ञापत्र इंग्रजीत केलं, नोटरी झाली, मग वर वर चढत गेलं. आजींचा अंगठा, त्यावर नोटरीची सही, त्यावर राज्याची, त्यावर दिल्लीची. सगळ्या शिक्क्यांच्या तळाशी तो निळा अंगठाच होता. वर्षभराने माउली गेल्या.

जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. नाव न घालता नोंद करण्याची मुभा त्यातही आहे. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पहिलं वर्ष बिनशुल्क. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालतो. गुरुजींची १ जुलै त्यांच्या उपयोगाची नाही. आणि नोंदच राहून गेली असेल, वर्ष उलटलं असेल, तर आता जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. आसेगावातल्या घराघरांत आज दाखले आहेत. नातवाचा काढून पाहा, नावाचा रकाना भरला आहे का.