सतरा माणसांचे डोळे

मराठीत रंगांच्या नावांना तोटा नाही. अबोली, मोतिया, डाळिंबी, आमसुली, पोपटी, मोरपंखी, श्रीखंडी, चिंतामणी... शिवाय बाहेरून येऊन इथलीच होऊन गेलेली गुलाबी, बदामी, अस्मानी, खाकी, किरमिजी ही नावं आहेतच. साड्यांच्या दुकानात समोर बसून एखादी बाई ‘आमसुली दाखवा’ म्हणाली, तर दुकानदार बरोबर तोच गठ्ठा ओढतो. पण तिनेच परगावच्या बहिणीला फोन करून ‘येताना आमसुली घेऊन ये’ म्हणून सांगावं आणि बहीण काय आणते ते पाहावं! नाव दोघींना ठाऊक असतं. रंग मात्र जिचा तिचा वेगळा निघतो.

कवीला ही गोष्ट आवडते. शब्द आणि वस्तू यांच्यातल्या या फटीतूनच त्याचा संसार चालतो. छापखानेवाल्याला, कापड रंगवणाऱ्याला, फोटो छापणाऱ्याला मात्र ही फट परवडत नाही. ती बुजवण्यासाठी माणसाने साडेतीनशे वर्षं काय काय केलं, ते आज थोडक्यात सांगायचं आहे.

हल्ली चांगल्या फोटो स्टुडिओत प्रिंटरशेजारी मुठीत मावेल असं एक यंत्र दिसतं. त्याचं नाव स्पेक्ट्रोफोटोमीटर. मराठीत वर्णपटमापक म्हणू या. मी साधा बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतल्या ‘तानापिहिनिपाजा’पुरता. गावातल्या एका तरुण स्टुडिओवाल्याने हे यंत्र मला दाखवलं, आणि मग मी त्याची कुळकथा शोधत गेलो.

ही कथा सुरू होते न्यूटनपासून. १६६६च्या सुमारास, इंग्लंडात प्लेगची साथ असताना, त्याने अंधाऱ्या खोलीत सूर्याचा एक कवडसा लोलकातून सोडला आणि भिंतीवर रंगांचा पट्टा पाहिला. १६७२ साली त्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहून सांगितलं, की पांढरा प्रकाश हाच मुळात अनेक रंगांचं मिश्रण आहे. पुढे ‘ऑप्टिक्स’ या १७०४ सालच्या ग्रंथात तो आणखी एक पाऊल पुढे गेला. किरणांना स्वतःचा रंग नसतो, ते आपल्यात रंगाची जाणीव जागी करतात, असं त्याने मांडलं. म्हणजे रंग हा वस्तू, प्रकाश आणि पाहणारा या तिघांतला व्यवहार ठरला. एक जण बदलला की व्यवहार बदलतो.

१८०२च्या सुमारास थॉमस यंगने कल्पना मांडली, की डोळ्यात असंख्य रंगांसाठी असंख्य यंत्रणा असणं शक्य नाही. तीनच प्रकारच्या असाव्यात. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने या तिन्हींना आकड्यांत आणलं. तो रंगीत चकत्या लावलेला भोवरा फिरवायचा आणि कोणते तीन रंग किती प्रमाणात मिसळले म्हणजे अमुक रंग दिसतो, ते मोजायचा. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने एका चौकडीच्या फितीचे, तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून काढलेले तीन फोटो पडद्यावर एकावर एक पाडून दाखवले. रंगीत छायाचित्राचा हा पहिला नमुना. गंमत अशी, की त्या काळच्या काचांवरच्या रसायनाला तांबडा रंग दिसतच नव्हता. मग तांबड्याचा फोटो आला कसा? याचा उलगडा व्हायला शंभर वर्षं लागली. फितीच्या तांबड्या भागातून अतिनील किरणही परावर्तित होत होते आणि तेच काचेवर उमटले होते. योगायोगाने का होईना, तत्त्व खरं ठरलं.

शास्त्रज्ञांइतकीच घाई व्यापाऱ्यांना होती. इंग्लंडातल्या सॉल्सबरीचा जोसेफ लोविबाँड हा बिअर गाळणारा. बिअरचा रंग दरवेळी सारखा यावा म्हणून त्याने १८८०च्या दशकात ठरावीक छटांच्या रंगीत काचा तयार केल्या आणि त्या नमुन्याशी ताडून पाहायची पद्धत काढली. आपल्याकडे खाद्यतेलाच्या प्रतवारीत तेलाचा रंग आजही त्याच्या नावाच्या मापाने सांगितला जातो. बिअर इंग्लंडात राहिली, माप आपल्या तेलाच्या डब्यापर्यंत आलं!

आपल्याकडेही त्याच सुमारास रंगांचा मोठा कारखाना उभा राहत होता. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथे शिळेवर एकेक रंग वेगळा चढवून लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी छापत. एका चित्राला अनेक शिळा लागत आणि सगळा हवाला कारागिराच्या नजरेवर. माप होतं, पण ते माणसाच्या डोळ्यात होतं. माणूस म्हातारा झाला की माप हरवायचं.

आता येते या कथेतली सतरा माणसं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या इंपीरियल कॉलेजात डेव्हिड राइट यांनी दहा जणांवर आणि टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्ड यांनी सात जणांवर प्रयोग केले. प्रयोग वरवर पाहता अगदी साधा. हात लांब केल्यावर अंगठा जेवढा दिसतो, साधारण तेवढंच वर्तुळ पाहायचं. त्याच्या एका अर्ध्यात वर्णपटातला एक शुद्ध रंग असतो. दुसऱ्या अर्ध्यात तांबडा, हिरवा, निळा असे तीन प्रकाश मिसळून, मधली रेघ दिसेनाशी होईपर्यंत बटणं फिरवायची. या सतरा जणांच्या नोंदींच्या सरासरीवरून १९३१ साली प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सी.आय.ई.ने, केंब्रिजच्या अधिवेशनात एक ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. हा कुणी खरा माणूस नाही. आकड्यांच्या तक्त्यात राहणारा माणूस आहे. पण आजही टीव्हीचा पडदा, छापील फोटो यांचे हिशेब मुख्यतः त्याच्याच डोळ्याने होतात.

विलायतेतल्या दोन प्रयोगशाळांतली सतरा माणसं आणि सगळ्या जगाची नजर! मला आधी हे खटकलं. पण विचार करता लक्षात आलं, की रंग जुळले की नाही हे पाहण्यात निकोप डोळ्यांची माणसं जगभर बरीच सारखी असतात. इथवर भेदभाव नाही. तो पुढे येतो.

माणसाच्या डोळ्याची जागा यंत्राने घेतली ती अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या आर्थर हार्डी यांनी प्रकाशविद्युत घट वापरून वर्णपटाचा आलेख आपोआप काढणारं यंत्र बनवलं. १९३५पासून जनरल इलेक्ट्रिक कंपनी ते विकू लागली. तेव्हा ते टेबल अडवणारं अवजड धूड होतं. आजचं मुठीतलं यंत्र त्याचंच नातवंड.

या आकड्यांशी आपल्या देशाचा एक सुंदर संबंध आहे. भारतीय मानक संस्थेचं पहिलंच मानक, आय.एस. १, निघालं १९५१ साली, आणि ते आहे राष्ट्रध्वजाचं. पुढे १९६४ आणि १९६८ साली ते सुधारलं गेलं. त्यात ध्वजाचे रंग नुसत्या नावांनी दिलेले नाहीत, तर सी.आय.ई.च्या पद्धतीने आकड्यांत बांधले आहेत. केशरी म्हणजे ०.५३८, ०.३६० आणि तेजस्विता २१.५, हिरवा म्हणजे ०.२८८, ०.३९५ आणि तेजस्विता ८.९. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वजाची खादी होते, तिलाही हेच माप. केशरी आणि हिरवा यांवरून आपण आयुष्यभर किती बोलतो! मानकात मात्र दोघांच्या वाट्याला तीन-तीन आकडेच आहेत.

आता स्टुडिओत येऊ. फोटो पडद्यावर एक दिसतो आणि कागदावर दुसराच उतरतो, ही रोजची तक्रार. प्रिंटरकडे असतात निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा शाया, कधी त्यांच्या फिक्या बहिणीही. आधी प्रिंटरच्या आपल्या दुरुस्त्या बंद करतात आणि त्याच्याकडून शेकडो लहान चौकोनांचा एक तक्ता छापून घेतात. शाई नीट वाळू देतात, कारण ओली शाई खोटी साक्ष देते. यंत्र आधी स्वतःची पांढरी फरशी वाचतं, म्हणजे आपला काटा शून्यावर आणतं. मग ते ओळीने चौकोनांवरून फिरतं. ४५ अंशांतून उजेड टाकतं आणि सरळ वरून पाहतं. परतलेल्या उजेडाचे ते बारीक तुकडे करतं. ३८० ते ७३० नॅनोमीटरपर्यंत दर दहाला एक, असे एका चौकोनाचे ३६ आकडे होतात. त्या ३६ आकड्यांतून १९३१चा तो प्रमाण निरीक्षक शेवटी तीन आकडे काढून देतो. मागितलं काय आणि उमटलं काय, यांतल्या फरकाची वही म्हणजे प्रोफाइल. कॅलिब्रेशन म्हणजे तबला स्वरात लावणं, आणि प्रोफाइल म्हणजे या तबल्याचा स्वभाव लिहून ठेवणं. कागद बदलला की वही नवी. या वह्या सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना वाचता याव्यात म्हणून १९९३ साली आय.सी.सी. ही संस्था निघाली.

छत्तीस आकडे कशाला, तीन पुरे नाहीत का, असं मी विचारलं. स्टुडिओवाला हसला. म्हणाला, “चाचा, मॅचिंग सेंटरमध्ये बायका ब्लाउजपीस घेऊन दुकानाबाहेर उन्हात का जातात?” उत्तर त्यातच होतं. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात फटकून वागतात, कारण डोळ्याला सारखे वाटले तरी त्यांचे आलेख वेगळे असतात. डोळा तीनच साक्षीदार बोलावतो, यंत्र छत्तीस. कागदाचंही तसंच. पुष्कळ फोटो कागदांत टिनोपालसारखी द्रव्यं असतात, ती अदृश्य अतिनील किरण घेऊन निळसर उजेड देतात. म्हणून कागद उन्हात पांढराशुभ्र आणि दिव्याखाली पिवळट दिसतो. यंत्राला ही चलाखी ओळखावी लागते.

आता ती भेदभावाची गोष्ट. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळा यंत्रं जुळवताना एका बाईचा नमुना फोटो वापरत. कोडॅकच्या त्या पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणू लागले. गोऱ्या शर्लीची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे तपशील बुडाले तरी नमुना खोटं बोलत नव्हता. लॉर्ना रॉथ या अभ्यासक बाईंनी लिहिलं आहे, की फिल्ममध्ये गडद रंग सुधारायला चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींनी जोर दिला. लाकूड नीट दिसावं म्हणून माणूस नीट दिसू लागला. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डं १९९०च्या दशकात आली.

आमच्या घरातल्या जुन्या रंगीत फोटोंत अम्मी कधी राखेसारखी दिसते, कधी विटकरी. ती सावळी होती, तकतकीत सावळी. त्या फोटोंत ते तेज नाही. वर्षांमागून वर्षं जाऊन रंगही उडाले. मागे आम्ही भावंडांनी त्यातला एक फोटो नव्याने छापायचं ठरवलं, तेव्हा वाद लागला. आपा म्हणाली, साडी डाळिंबी होती. भाई म्हणाला, किरमिजी. यंत्र फोटोवर ठेवलं तर ते आज उरलेल्या रंगाचे आकडे देणार, उडून गेलेल्याचे नाही. पण साडी पेटीत होती. स्टुडिओवाल्याने तिच्या आतल्या, ऊन न लागलेल्या घडीवर यंत्र ठेवलं आणि वाद मिटला. साडी डाळिंबीच होती.

मग त्याने चेहऱ्याकडे बोट केलं. “आणि हा?” सवयीने त्याने पुढे विचारलं, “थोडा उजळ करू?” लग्नाचे फोटो छापणाऱ्याला हा प्रश्न रोज विचारावा लागतो, आणि उत्तरही बहुतेक एकच मिळतं. आपण जाहिरातीत ‘गव्हाळ’ लिहितो आणि फोटोत मैदा मागतो. यात शर्लीचा दोष किती आणि आपला किती?

चेहऱ्याचा रंग कुणी पेटीत घडी घालून ठेवत नाही. त्याचा आलेख आता कुठेच मिळणार नाही. आपा त्याला म्हणाली, “उजळ नको बेटा, खरी कर.” मग आम्ही तिघं पडद्यासमोर उभे राहिलो आणि सांगत गेलो. अजून थोडी सावळी. नाही, एवढी नाही. गालावर थोडा तांबूसपणा. आता थांब. कुठे थांबायचं, यावर तिघांचंही एकमत झालं, आणि त्याने तो रंग जसाच्या तसा कागदावर उतरवला. तेवढं काम यंत्राने चोख केलं.