वर्ध्यात लाइन गेली तेव्हा

मोबाइल खाली ठेवा. २० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले, तेव्हापासून त्यांची ती जुनी मुलाखत तुम्ही किती वेळा पाहिलीत, हे मी विचारणार नाही. शेवटपर्यंत पाहिली आहे ना? मग त्यात ते काय म्हणाले ते नीट लक्षात ठेवा आणि तोंड मिटून घ्या. आपण जातोय तिथे ती अजून कुणीच पाहिलेली नाही.

सगळ्यात आधी अंगाला लागेल ती झळ. वर्धा स्टेशनच्या बाहेर संध्याकाळचे सहा वाजलेत, तरी भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा तोंडावर येतो. डांबर इतकं मऊ झालंय की चप्पल उचलताना चिकटल्यागत ओढते. सायकलरिक्षावाल्याच्या डोक्याला ओला दुपट्टा आहे आणि सदऱ्याच्या खिशात कांदा. लू लागू नये म्हणून. सीट तापलेली आहे, जपून बसा. साल कोणतं ते त्याला विचारू नका. कुठल्याशा घरातल्या कालनिर्णयवर मे महिना दिसेल, तेवढं आपल्याला पुरे. सोशालिस्ट चौकातून जाताना सायकलींच्या घंट्या, फटफटीचा धूर, पिकलेल्या आंब्यांचा दरवळ. गोरस भांडाराशी थांबून गोरसपाकाचा एक पुडा बरोबर घ्या. वर्ध्यात कुणाकडे रिकाम्या हातानं कशाला जायचं?

रामनगरातल्या या घराबाहेर चपलांचा ढीग पडलाय. तुमची चप्पल कडेला काढा, नाहीतर परत जाताना दुसऱ्याची घालाल. छपरीत सतरंजी अंथरलीय आणि लाकडी शटरचा टीव्ही टेबलासकट दारात आणून ठेवलाय, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या सगळ्यांना दिसावा. खिडकीतल्या कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास येतोय. त्याच्यासमोरच्या जागेवर आधीच तिघांचा हक्क आहे. तुम्ही भिंतीशी बसा. भिंत गरम आहे. सगळ्यांचीच पाठ भाजतेय, एकट्याची नाही. काकू तुमच्या हातात कैरीच्या पन्ह्याचा पेला देतील. "घ्या जी," एवढंच म्हणतील, तुम्ही कोण, कुठले, काही विचारणार नाहीत.

गच्चीवर एक पोट्टा अँटेना धरून उभा आहे.

"आलं का?"

"नाई आलं! पुलगावकडे फिरव!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं ना बे!"

पडद्यावर मुंग्याच मुंग्या. स्टॅबिलायझर गुणगुणतोय. जंक्शनकडून मालगाडीची शिट्टी येते आणि कुणी टीव्हीचा आवाज वाढवतं. मग एकदम मुंग्या विरघळतात आणि चष्मा घातलेला, भांग पाडलेला, शांत चेहरा समोर येतो. छपरीत अशी शांतता पसरते की पेल्यातला बर्फ वाजलेला ऐकू येतो.

हे सगळे जण त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकतायत, हे ध्यानात घ्या. इथे त्यांना ओळखतात ते पुस्तकांवरून. 'यक्षांची देणगी'ची वाचनालयातली प्रत या गल्लीत इतकी फिरलीय की तिची शिवण सुटलीय, आणि 'वामन परत न आला' कुणाकडे किती दिवस राहिली यावरून दोन घरांत अबोला झालेला आहे. कृष्णविवरं आणि परग्रहावरचे पाहुणे मराठीत आणणारा हा माणूस केंब्रिजचा, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलचा विद्यार्थी, बनारसला वाढलेला. तो मराठी बोलेल तरी कसं, याची सगळ्यांना धास्ती होती. आणि तो बोलतोय हळू, स्वच्छ, शब्द निवडून. "आपल्यासारखाच बोलते हा तर," मागून एक बाई म्हणते. तिच्या आवाजातला अभिमान ऐका. मला विचाराल तर त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी बातमी तीच होती.

मुलाखतकार १९७४ च्या कथास्पर्धेचा विषय काढतात. मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा, 'कृष्णविवर' ही कथा, आणि खाली लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती नारळीकरांची होती. "हे नाव का घेतलंत?" असा प्रश्न येतो. नारळीकर किंचित हसतात, तोंड उघडतात...

फट्ट.

"लाइन गेली!"

पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरतो, बारीक होत होत विझतो. कूलरचा पंखा कुरकुरत थांबतो आणि दुसऱ्या क्षणाला घाम कानामागून वाहू लागतो. आख्खं वर्धा काळोखात गेलंय. पोट्टे आरोळ्या ठोकतात, बाळ रडतं, घासलेटचा वास येतो आणि कंदील पेटतो. तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे. जीभ वळवळतेय ना? गप्प राहा.

सगळे अंगणात येतात. मघाशी शिंपडलेल्या पाण्यानं मातीला वास सुटलाय, मोगरा फुललाय. मान वर करा. गावात एकही दिवा नाही, त्यामुळे उत्तरेला सप्तर्षी, त्यांच्या शेपटाच्या रोखानं खाली आलं की डोक्यावर केशरी स्वाती, आणि पुढे दक्षिणेला चित्रा. पण आज कुणाचंच तिकडे लक्ष नाही. अंगणात एकच वाद पेटलाय.

"लाजला असंन. एवढा मोठा प्रोफेसर आन् गोष्टी लिहिते, लोक हासतीन म्हनून."

"नाई जी. नंबर नाई आला तं? म्हनून लपवलं नाव."

खाटेवर बसलेले आबाजी बराच वेळ काही बोलत नाहीत. तीस वर्षं शाळेत शिकवलंय त्यांनी. मग हातपंखा थांबवून म्हणतात, "पेपर तपासताना नाव दिसलं की मास्तरचा हात हलतो. हुशार पोराला दोन मार्क जास्त जातात. आम्ही म्हणून नाव झाकत होतो. यांनी स्वतःच झाकलं."

तुम्ही चमकून त्यांच्याकडे बघता. अगदी हेच. परीक्षकांनी कथा वाचावी, नाव वाचू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

इकडे कंदिलापाशी वेगळीच गंमत चाललीय. एका दादानं वर्तमानपत्राची लांब पट्टी कापलीय. तिला अर्धा पीळ देऊन तो भाताच्या शितानं टोकं चिकटवतोय. नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा वाचल्यापासून त्याला या पट्टीचं वेड आहे. मोबिअसची पट्टी, एकाच बाजूची. त्याच्या धाकट्या बहिणीनं तिच्यावर शाईनं गणपती काढलाय, डाव्या सोंडेचा. "आता बोट फिरवत ने," दादा म्हणतो. ती नेते. एक फेरी पुरी होते, बोट गणपतीच्या बरोबर पाठीमागे येतं. दादा कागद कंदिलासमोर धरतो. उजेड आरपार जातो आणि या बाजूनं गणपतीची सोंड उजवीकडे! तुम्हीही वाकून बघा. काचेची धग गालाला लागेल, लागू द्या.

पोट्टी त्या कागदाकडे बघत राहते. मग पाटी ओढते. नारळीकरांचं पूर्ण नाव तिला पुस्तकामुळे पाठ आहे. जयंत विष्णु नारळीकर. ती फक्त तीन अक्षरं लिहिते. ज, वि, ना. त्याखाली दुसऱ्या नावाची. ना, वि, ज.

"आबाजी! हे पाय ना! उलटं केलं त्यानं! गणपतीवानी!"

अंगणात एकदम गलका होतो. पाटी हातोहात फिरते, कंदील तिच्या मागोमाग जातो. कुणी तिच्या पाठीत धपाटा घालतं, काकू गोरसपाकाचा आख्खा तुकडा तिच्या हातावर ठेवतात. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या अक्षरात उतरवून दिली होती, हे मात्र कुणालाच सुचलेलं नाही. ते तुमच्यापाशीच राहू द्या. मुलाखत पुरी ऐकायला मिळाली असती तर पाच मिनिटांत उत्तर कळलं असतं आणि सगळे जेवायला उठले असते. ती अर्धी तुटली हे बरं झालं, असं मला मनापासून वाटतं.

लाइन येते तेव्हा टीव्हीवर कसलासा हिंदी कार्यक्रम सुरू झालेला असतो. कुणी हळहळत नाही. कूलर धडधडत चालू होतो, सतरंजी गोळा केली जाते, तुमची चप्पल सापडते. जायच्या आधी फक्त त्या पोरीजवळ क्षणभर थांबा. ती पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर, जीभ दातांत धरून, बारीक अक्षरात लिहितेय: माणूस त्या पट्टीवरून एक चक्कर मारून आला तर त्याचं हृदय उजवीकडे जाईल का? खाली नारळीकरांचा पत्ता: आयुका, गणेशखिंड, पुणे.

सही मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आणि ते उत्तर देत.