बोरीबंदरचे शिल्पकार : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

आटपाडी परिसरातील प्रवासी सांगली वा मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला उतरतो, ते थेट जागतिक वारसा वास्तूत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अर्थात जुने बोरीबंदर ज्यांनी उभारले, ते वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स मात्र फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

इंग्लंडमधील बाथ येथे १८४७ मध्ये जन्मलेले स्टीव्हन्स १८६७ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल होऊन भारतात आले. पहिली नेमणूक पुण्यात. पुढे मुंबई हीच त्यांची कर्मभूमी ठरली. आज राज्य पोलिस मुख्यालय असलेले रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम ही त्यांची पहिली मोठी वास्तू. त्यानंतर जीआयपी रेल्वेने त्यांच्या सेवा मागून घेतल्या. युरोपातील स्थानके पाहून आल्यावर १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि दहा वर्षांनी, १६ लाख १४ हजार रुपये खर्चून ते पुरे झाले. व्हिक्टोरियन गॉथिक शैलीला भारतीय कलाकुसरीची जोड देणारे स्थानकाचे रूप आजही नजर खिळवून ठेवते.

हे श्रेय एकट्या स्टीव्हन्स यांचे नव्हे. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता, तर एम. एम. जनार्दन पर्यवेक्षक होते. पाने, पशुपक्षी यांचे कोरीवकाम जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या कला विद्यालयातील विद्यार्थ्यांनी केले. साहेबाचे नाव इतिहासात राहिले. या मंडळींचा उल्लेख मात्र क्वचितच होतो, हे खेदाने नमूद करावे लागते.

१८८४ मध्ये सरकारी नोकरी सोडून स्टीव्हन्स यांनी स्वतंत्र व्यवसाय आरंभला. स्थानकासमोरील महापालिका इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. मंजुरी ११ लाख ८८ हजार ८२ रुपयांची, प्रत्यक्ष खर्च ११ लाख १९ हजार ९६९. सार्वजनिक बांधकामात ६८ हजारांहून अधिक रुपये शिल्लक राहिल्याचे हे उदाहरण आजच्या ठेकेदारांनी एकदा तरी वाचावे! चर्चगेटचे रेल्वे मुख्यालय (आजचे पश्चिम रेल्वेचे) १८९९ मध्ये उभे राहिले.

त्यानंतर लगेचच, ३ मार्च १९०० रोजी, मलेरियाने मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. शिवडीच्या दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. पुत्र चार्ल्स यांनी व्यवसाय पुढे चालविला. स्थानकाला १९९६ मध्ये शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले, २००४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दर्शनी भागावरील व्हिक्टोरिया राणीचा पुतळा हटविला गेला, त्याचा कोनाडा मात्र अद्याप रिकामाच आहे.