जठरातील जीवाणूचे जनुकीय भेद आणि कर्करोगाचा धोका

जठरात वास्तव्य करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूच्या शोधाबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारक ठरवले होते. मात्र त्याचे सर्व उपप्रकार सारखेच घातक नसतात. ‘कॅग-ए’ जनुक असलेले उपप्रकार जठराच्या पेशींत एक प्रथिन सोडतात व त्यामुळे पेशींची वाढ बिघडते. पूर्व आशियात आढळणारे या प्रथिनाचे रूप अधिक तीव्र मानले जाते. भारतातील अनेक उपप्रकारांतही हे जनुक आढळते. तरीही मिझोरामसारखे अपवाद वगळता येथे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने कमी आहे. आहार व तंबाखूसेवन यांचाही या धोक्यात वाटा असतो. प्रतिजैविकांच्या उपचाराने संसर्ग दूर करता येतो व धोका घटतो.