व्यक्तीची परीक्षा आणि जागेची परीक्षा : ब्रिटनमधील पशुचिकित्सालयांच्या मान्यतेचा इतिहास

रुग्णाला आपली तक्रार सांगता येत नाही आणि जो त्याला घेऊन येतो त्याला उपचारांची पारख नसते, ही पशुवैद्यकाच्या व्यवसायातील मूलभूत अडचण होय. त्यामुळे या व्यवसायावर देखरेख असावी, हा विचार जुनाच आहे. परंतु देखरेख कशावर ठेवावयाची, चिकित्सा करणाऱ्या व्यक्तीवर की चिकित्सा होते त्या जागेवर, या प्रश्नाचे उत्तर ब्रिटिश कायद्याने दीर्घकाळ एकाच बाजूने दिले.

इ. स. १८४४ च्या राजसनदेने ‘रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स’ ही संस्था अस्तित्वात आली. १८८१ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्यांना ‘व्हेटरिनरी सर्जन’ हे नामाभिधान वापरण्यास मनाई केली. मात्र ही मनाई नावापुरतीच होती. ते नाव न लावता जनावरांवर उपचार करणाऱ्यास तिने अटकाव केला नाही. तो अटकाव १९४८ च्या कायद्याने आला. १९६६ च्या कायद्याने ही व्यवस्था दृढ केली आणि पशुवैद्यक शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांस भेट देण्यासाठी निरीक्षक नेमण्याचा अधिकार संस्थेच्या परिषदेस दिला. अशा रीतीने पदवीधराचे शिक्षण व वर्तन तपासले जाऊ लागले. त्याचे शस्त्रक्रियागृह मात्र या तपासणीबाहेर राहिले.

चिकित्सालयाचा मालक हा स्वतः नोंदणीकृत पशुवैद्य असे, तोवर ही उणीव फारशी जाणवत नव्हती. जागेतील दोषाबद्दल त्यालाच जाब विचारता येई. १९९९ साली पशुवैद्य नसलेल्यांनाही मालकीची मुभा मिळाली आणि या व्यवस्थेचा पाया हलला. २०१३ मध्ये मोठ्या कंपन्यांकडे सुमारे १० टक्के चिकित्सालये होती. पुढील दशकात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या जवळ पोहोचले. चिकित्सक नोंदणीकृत, परंतु यंत्रसामग्री, सेवकवर्ग व दर ठरविणारा मालक नोंदणीच्या कक्षेबाहेर, अशी स्थिती निर्माण झाली.

जागेच्या परीक्षेचा मार्ग प्रथम स्वेच्छेचाच होता. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या पशुरुग्णालय संघटनेने निकष व तपासणी यांची प्रथा रूढ केली होती. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेजने २००५ साली ऐच्छिक मान्यता योजना सुरू केली. निर्जंतुकीकरण, भूल देताना ठेवावयाच्या नोंदी, क्ष-किरणांपासून संरक्षण, रात्रीच्या तातडीच्या उपचारांची सोय अशा गोष्टी तिच्यात पाहिल्या जातात. ‘रुग्णालय’ या श्रेणीसाठी अटी अधिक कडक आहेत. परंतु ज्याला तपासणी नको त्याने योजनेत न येणे, एवढाच उपाय पुरेसा ठरतो.

या विसंगतीचे बोलके उदाहरण औषधांचे आहे. २००९ पासून औषधे पुरविणाऱ्या प्रत्येक चिकित्सालयाची नोंदणी व तपासणी अनिवार्य झाली. म्हणजे औषधांचे कपाट सरकारी निरीक्षकाच्या दृष्टीखाली आले. शस्त्रक्रियेचे मेज मात्र स्वेच्छेवरच राहिले. २०२४ च्या मे महिन्यात स्पर्धाविषयक प्राधिकरणाने या व्यवसायाची औपचारिक चौकशी आरंभिली, तेव्हा दरांच्या प्रश्नाबरोबर हाही प्रश्न पुढे आला.

या इतिहासावरून असे दिसते की कायद्याने व्यक्तीवर विश्वास ठेवला तो मालकी व चिकित्सा एकाच हाती असलेल्या काळात. ती एकत्रता संपल्यावर केवळ पदवीची परीक्षा अपुरी ठरते. ज्या रुग्णाला बोलता येत नाही, त्याच्या वतीने जागेचीही परीक्षा कोणीतरी घेतली पाहिजे.